आधी तासाचा तोटा विचारणारी कार्यशाळा : उद्यमबागेतील मोटार-दुरुस्ती सेवेचे परीक्षण

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत विजेची मोटार भरून देणारी, म्हणजे तिचे जळलेले वाइंडिंग (तारेचे वेढे) काढून नवे घालणारी, दुकाने पुष्कळ आहेत आणि बाहेरून पाहता त्यांच्यात फरक करता येत नाही. सगळीकडे दारात उघडलेले स्टेटर, म्हणजे मोटारीचे वाइंडिंग असलेले स्थिर भाग, रांगेने मांडलेले असतात, आत व्हार्निशचा वास असतो आणि भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या मागे दरपत्रक टांगलेले असते. ज्या कार्यशाळेविषयी येथे लिहीत आहे ती याच रांगेतील आहे. तिचे नाव देत नाही, कारण पुढे तिच्या काही उणिवाही स्पष्टपणे लिहिल्या आहेत. मात्र ज्यांचा या व्यवसायाशी रोजचा संबंध आहे त्यांना ती वर्णनावरून ओळखता येईल. आमच्या मशिनशॉपच्या आणि निपाणीजवळच्या कुटुंबाच्या गुऱ्हाळाच्या मोटारी गेली काही वर्षे तेथेच जातात. दुरुस्ती चांगली होते हे त्याचे एक कारण झाले, पण चांगली दुरुस्ती इतरत्रही होते. मोटार भरायची, बदलायची की जोडीला दुसरी आणून ठेवायची, हा निर्णय घेण्याची जी पद्धत या कार्यशाळेने गिऱ्हाइकांना लावली आहे ती मला अधिक मोलाची वाटते, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या पद्धतीचे आहे.

मोटार टेम्पोतून उतरवली की इतर ठिकाणी पहिला प्रश्न अश्वशक्तीचा असतो, कारण दर त्यावर आणि आत जाणाऱ्या तांब्याच्या वजनावर ठरतो. येथील मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, आधी दुसरेच विचारतात : "ही मोटार थांबली तर तुमचं काय काय थांबतंय, तेवढं आधी सांगा बघू." मग मोटार दिवसाला किती तास चालते, तिच्या जागी लावायला दुसरी आहे का, ती बंद पडली तेव्हा कारखान्यात नेमके काय घडले आणि याआधी ती कधी भरली होती, हे ते एका वहीत लिहून घेतात. पहिल्यांदा येणाऱ्याला ही चौकशी नको तितकी लांबलेली वाटते. गिऱ्हाईक घाईत असते, कामगार रिकामे बसलेले असतात आणि समोरचा माणूस वही उघडून बसलेला असतो. परंतु दहा मिनिटांच्या या चौकशीनंतर हातात जो अंदाज येतो त्यात दुरुस्तीच्या आकड्याशेजारी नव्या मोटारीचा आकडा असतो आणि त्यांच्याखाली, गिऱ्हाइकाने स्वतःच सांगितलेला, एका तासाच्या खोळंब्याचा आकडा असतो. हा तिसरा आकडा डोळ्यांसमोर आला की पहिल्या दोहोंकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ढाळकामाच्या कारखान्यातले आहे. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेच्या कॉइलने धातू वितळवणारी भट्टी, असलेल्या फौंड्रीत सर्वांत महाग वस्तू भट्टी आणि तिचे वीजपुरवठा पॅनेल ही असते, त्यामुळे मालकाचे सगळे लक्ष आणि देखभालीचे सगळे पैसे तिकडे जातात. पण त्या भट्टीची कॉइल ही पोकळ तांब्याची नळी असते, आतून सतत पाणी फिरते म्हणूनच ती टिकते, आणि ते पाणी फिरवणारा पंप पाच-साडेसात अश्वशक्तीच्या साध्या मोटारीवर चालतो. भट्टीत वितळलेला धातू असताना हा पंप थांबला तर वीज तोडली तरी संकट टळत नाही. अस्तरातली उष्णता कॉइलकडे येतच राहते, नळीतल्या पाण्याची वाफ होते, होज फुटतात आणि शेवटी कॉइलच निकामी होऊ शकते. धातू आतच थिजला तर अस्तर फोडून काढावे लागते ते वेगळे. म्हणजे कारखान्यातल्या सर्वांत स्वस्त मोटारींपैकी एक मोटार बंद पडण्याची किंमत सर्वांत मोठी असते. ओळखीच्या एका फौंड्रीवाल्यांनी अशी मोटार भरायला आणली तेव्हा अण्णांनी ती भरून दिली, पण अंदाजाच्या कागदावर भरण्याच्या खर्चाखाली दुसरा स्वतंत्र पंप, तो आपोआप सुरू होण्याची सोय आणि वीज गेल्यावर उंचावरच्या टाकीतून पाणी सोडण्याची व्यवस्था, या तीन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. यातील एकाही कामात त्यांचा फारसा फायदा नव्हता. जेथे बिघाडाची किंमत मोटारीच्या किमतीच्या कितीतरी पट असते तेथे भरणे की बदलणे हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि दुसरी मोटार जोडीला उभी ठेवणे हेच उत्तर राहते, हे तो कागद कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर पटवून देतो.

त्याच शक्तीची मोटार कारखान्याच्या अंगणात बोअरचे पाणी चढवायला वापरली असेल तर सल्ला नेमका उलटा मिळतो : जळेपर्यंत चालवा, जळली की आणा, आम्ही भरून देऊ. टाकीत एक दिवसाचे पाणी असते, दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणाचेही काही बिघडत नाही, मग तिच्यावर तपासणीचा खर्च कशाला करायचा? मोटारींची दुकानदारी करणाऱ्याने एखाद्या मोटारीची देखभाल करू नका असे सांगावे, हे मला तरी इतरत्र ऐकायला मिळालेले नाही.

गुऱ्हाळाचे गणित या दोन टोकांच्या मधले आहे, आणि निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागांतील वाचकांना ते अधिक जवळचे वाटेल. उसाचा रस काढणारा चरक साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. या काळात चरकाची वीस अश्वशक्तीची मोटार बंद पडली तर थांबतो तो केवळ चरक नव्हे. टाकीत गाळून ठेवलेला रस काही तासांत आंबू लागतो, तोडून आणलेल्या उसातल्या साखरेचे विघटन होऊ लागते, चुलवाण विझले तर पुन्हा ताव धरायला वेळ जातो, गुळव्याची आणि तोडणीवाल्यांची मजुरी चालूच राहते, आणि त्या आधणातून निघालेला गूळ रंगाला उतरला तर कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी त्याचा भाव पडतो. पण हीच मोटार जूनमध्ये जळली तर तोटा शून्य, कारण चरक बंदच असतो. एकाच यंत्राच्या बिघाडाची किंमत महिन्यागणिक बदलते हे एकदा मान्य केले की देखभालीची वेळही ठरून जाते : सगळी तपासणी, बेअरिंग, व्हार्निश, स्टार्टरचे संपर्क हे काम पावसाळ्यात उरकायचे आणि हंगामात फक्त लक्ष ठेवायचे. अण्णा गुऱ्हाळवाल्यांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोटार आणल्यास मजुरीत सवलत देतात. ही सवलत दिसायला किरकोळ आहे, पण तिच्यामुळे दसऱ्यानंतरची झुंबड थोडी तरी कमी होते, असे निरीक्षण आहे.

येथे पहिली तक्रार नोंदवतो. खोळंब्याचा तासाचा आकडा कार्यशाळा गिऱ्हाइकाकडून घेते आणि तो जसाच्या तसा मान्य करते; तो कसा काढावा हे सांगत नाही. आपल्याकडे मालकाला हा आकडा विचारला की तो सरळ तासाची विक्री सांगतो, आणि हे चुकीचे आहे. यंत्र थांबल्यावर कच्चा मालही खर्च होत नाही, त्यामुळे विक्रीतून तो वजा केल्यावर जे उरते तेवढेच बुडते. तेही बुडेलच असे नाही. आमच्या शॉपमध्ये दोन लेथ आणि एक व्हीएमसी, म्हणजे संगणक-नियंत्रित उभे मशिनिंग यंत्र, आहे. सगळी कामे शेवटी व्हीएमसीवर येऊन अडतात, त्यामुळे ती तासभर थांबली तर तो तास परत मिळत नाही. लेथ तासभर थांबला तर संध्याकाळी थोडा जादा वेळ देऊन भरपाई होते आणि खर्च काय तो ओव्हरटाइमचा. म्हणून दोन्ही यंत्रांच्या मोटारी सारख्याच असल्या तरी त्यांच्या खोळंब्याचा आकडा सारखा नसतो. उलट काही ठिकाणी विक्रीपेक्षाही मोठा आकडा निघतो : वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्याचा माल वेळेवर गेला नाही आणि पुढची जुळणीची रांग थांबली, तर दंडाची डेबिट नोट येते आणि पुढच्या ऑर्डरचे काय होईल ते सांगता येत नाही. अण्णांच्या वहीत या भेदासाठी दोन-तीन रकाने वाढवले तर तिची किंमत फार वाढेल. आज तेथे अतिशयोक्त आकडा सांगणारा गिऱ्हाईक गरज नसताना दुसरी मोटार विकत घेऊन जातो, आणि अण्णाही त्याला अडवत नाहीत.

दुरुस्तीच्या दर्जाबद्दल मात्र समाधान आहे. जुने वाइंडिंग काढताना पुष्कळ ठिकाणी स्टेटर उघड्या जाळावर धरतात. त्याने तांबे सुटते हे खरे, पण स्टेटरचा गाभा ज्या पातळ पत्र्यांचा (लॅमिनेशनचा) बनलेला असतो त्यांच्यामधले अवरोधक थर जळतात, गाभ्यातला विजेचा अपव्यय वाढतो आणि भरलेली मोटार पहिल्यापेक्षा गरम चालू लागते. इन्सुलेशनचे आयुष्य दर दहा अंश सेल्सिअस वाढीमागे साधारण निम्मे होते, हा या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे. म्हणूनच एकदा जळलेली मोटार वारंवार जळते, हा जो अनुभव सर्वांना येतो त्यामागे बहुधा नशीब नसून पहिल्या दुरुस्तीतला जाळ असतो. या कार्यशाळेत तापमान नियंत्रित भट्टी आहे, तार काढण्यापूर्वी वेढ्यांची संख्या आणि तारेचा गेज (जाडी) लिहून ठेवतात, मूळच्याच गेजची तार भरतात आणि 'एफ' वर्गाचे, म्हणजे १५५ अंशांपर्यंत टिकणारे, इन्सुलेशन वापरतात. मोटार परत देताना मेगरचे, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाचे, वाचन आणि भाराविना घेतलेला तिन्ही फेजचा प्रवाह कागदावर लिहून देतात. जुनी बेअरिंगे पिशवीत घालून परत मिळतात आणि नवी सीलबंद खोक्यातून गिऱ्हाइकासमोर काढली जातात. बनावट बेअरिंगांचा सुळसुळाट पाहता ही शेवटची सवय मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कारण शोधण्याच्या बाबतीतही ते कष्ट घेतात. आमच्या गुऱ्हाळाच्या मोटारीचे बेअरिंग वारंवार जात होते, तेव्हा त्यांनी मोटार ठेवून घेण्याऐवजी माणूस पाठवला. पट्टा घसरू नये म्हणून मिस्त्री तो दरवेळी प्रमाणाबाहेर ताणत होते, एवढेच कारण निघाले. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार २० टक्क्यांनी वाढला तर आयुष्य जवळजवळ ४२ टक्क्यांनी घटते. पट्टा नवा घेतला, ताण बेताचा ठेवला आणि तक्रार थांबली. दुसऱ्या एका ठिकाणी दोष फेजच्या व्होल्टेजमध्ये होता. तिन्ही फेज ४१५, ४०० आणि ३८५ व्होल्ट दाखवत असतील तर सरासरी ४०० येते आणि असमतोल पावणेचार टक्के होतो. पण तापमानातील वाढ या टक्क्याच्या वर्गाच्या साधारण दुप्पट असते, म्हणजे एवढ्याशा फरकाने मोटारीची तापमानवाढ २८ टक्क्यांनी अधिक होते. गावाकडच्या लांब लाइनवर असा असमतोल नवलाचा नाही. त्या मोटारीला नवे वाइंडिंग हा उपाय नव्हताच, आणि नवी मोटार हाही नव्हता. तीही तशीच जळाली असती. भरणे आणि बदलणे यांची तुलना करण्याआधी बिघाडाचे कारण हाती असले पाहिजे, नाहीतर तुलना करणारा दोन चुकीच्या पर्यायांमधला स्वस्त पर्याय निवडतो.

दुसरी उणीव अंदाजाच्या कागदातच आहे आणि ती अधिक गंभीर आहे : त्यात विजेचा खर्च नसतो. भरण्याचा खर्च नव्या मोटारीच्या निम्म्याहून कमी असेल तर भरा, जास्त असेल तर बदला, हा जो सर्वत्र चालणारा नियम आहे तो येथेही पाळला जातो. पण जास्त तास चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत हा नियम फसवतो. पंधरा किलोवॅटची, म्हणजे वीस अश्वशक्तीची, चार पोलची मोटार घेऊ. मोटारींच्या कार्यक्षमतेचे आयई-१, आयई-२, आयई-३ असे चढते आंतरराष्ट्रीय दर्जे असतात; आयई-१ दर्जाची कार्यक्षमता पूर्ण भारावर ८८.७ टक्के असते आणि आयई-३ दर्जाची ९२.१ टक्के. पहिली १६.९ किलोवॅट ओढते, दुसरी १६.३, फरक सुमारे ०.६२ किलोवॅटचा. फौंड्रीतल्या कंप्रेसरवर वर्षाला ६,००० तास ती पूर्ण भाराने चालली तर हा फरक सुमारे ३,७०० युनिटांचा होतो, आणि युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला तीस हजारांच्या घरात जातो. सदोष दुरुस्तीने जुन्या मोटारीची कार्यक्षमता आणखी एका टक्क्याने खाली आली असेल तर त्यात सुमारे ११५० युनिटांची भर पडते. असा खर्च दर महिन्याच्या बिलात लपून जातो, त्यामुळे तो कोणाला बिघाड वाटत नाही. कंप्रेसरची मोटार चांगली भरता येत असली तरी बदलणेच शहाणपणाचे, असे हे आकडे सांगतात.

हीच मोटार गुऱ्हाळाच्या चरकावर हंगामात १,५०० तास चालली तर बचत चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास, येते आणि नव्या मोटारीची किंमत वसूल व्हायला अनेक हंगाम लागतात. तेथे चांगली भरलेली जुनी मोटार योग्य. नदीकाठच्या शेतकऱ्याच्या पंपाचे गणित तर पूर्णच वेगळे. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत तशी सवलत आहे. त्यामुळे कार्यक्षमतेतून शेतकऱ्याच्या खिशात काहीच पडत नाही. त्याच्या दृष्टीने मोटार जळल्यावर पिकाला पाणी किती दिवस चुकते आणि भरायला किती लागतात, एवढेच दोन आकडे उरतात. समाजाच्या दृष्टीने हे चांगले की वाईट, हा विषय येथे नको. पण शेतकरी स्वस्तात स्वस्त मोटार घेतो म्हणून त्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी त्याच्या जागी बसून ही वजाबाकी करून पाहावी.

नव्या मोटारीचा सल्ला देताना अण्णांच्या मुलाने मात्र एक गोष्ट सांगितली, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. अधिक कार्यक्षम मोटारीची घसरण, म्हणजे पुरवठ्याने ठरणाऱ्या वेगाच्या मागे पडणे, कमी असल्यामुळे ती किंचित अधिक वेगाने फिरते. जुनी मोटार मिनिटाला १,४४० फेरे करत असेल आणि नवी १,४६५ करत असेल, तर पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप यांसारख्या भारावर लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे पाच टक्क्यांनी. मोटारीने जे वाचवले ते ब्लोअरने खाल्ले. पट्ट्यावरचा ब्लोअर असेल तर पुली बदलून वेग पूर्ववत करावा लागतो. हे काम त्यांनी आम्हाला करून दिले आणि त्याचे वेगळे पैसेही लावले, जे योग्यच होते.

कार्यशाळेची वार्षिक देखभाल करार योजना मी एक वर्ष घेऊन सोडली. दर तीन महिन्यांनी माणूस येतो, प्रत्येक मोटारीला ग्रीस भरतो, कंपनाचे वाचन घेतो आणि वर्षाच्या शेवटी सर्व बेअरिंगे बदलतो. यातले कंपनाचे वाचन उत्तम आहे. पंधरा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रांसाठी आयएसओच्या १०८१६ या मानकाने सेकंदाला १.८ मिलिमीटरपर्यंतचे कंपन दीर्घकाळ चालण्यायोग्य मानले होते आणि ४.५ च्या पुढचे धोक्याचे. कूलंट पंपाचे वाचन सलग तीन भेटींत चढत गेलेले दिसले तेव्हा सुट्टीच्या दिवशी बेअरिंग बदलून एक संपूर्ण शिफ्ट वाचवता आली. पण चांगल्या चालणाऱ्या सर्व बेअरिंगा वर्ष झाले म्हणून बदलणे मला पटत नाही. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या अभियंत्यांनी विमानांच्या भागांचा जो अभ्यास मांडला, त्यात वयानुसार झिजून बिघडणारे भाग फक्त ११ टक्के निघाले होते आणि बसवल्यानंतर सुरुवातीच्या काळातच बिघडण्याची प्रवृत्ती असलेले ६८ टक्के. विमान आणि लेथ यांच्यात अंतर आहे, तरीही उघडले की काहीतरी बिघडण्याची नवी शक्यता आत शिरते हे प्रत्येक फिटरला ठाऊक असते : बेअरिंग हातोड्याने बसवले जाते, शाफ्ट किंचित वाकडा जुळतो, धूळ आत जाते. बेअरिंगचे जे आयुष्य पुस्तकात दिलेले असते तेही शंभरांपैकी दहा बेअरिंगे निकामी होण्याचे असते. उरलेली नव्वद त्याच्या पुढे चालतात. सरसकट ग्रीस भरण्याविषयीही हीच हरकत आहे. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बेअरिंगला बाहेरून ग्रीस लागत नाही, आणि उघड्या बेअरिंगमध्ये ते प्रमाणाबाहेर भरले तर घुसळून गरम होते. त्यामुळे कराराऐवजी केवळ कंपन व तापमान मोजण्याची फेरी स्वस्तात विकली जावी, अशी सूचना मी दिली आहे. ती अजून मान्य झालेली नाही. सुटे भाग विकण्यातला नफा हे त्यामागचे कारण असावे, असा माझा तर्क आहे.

वेळेच्या बाबतीत ही कार्यशाळा सामान्य दिवसांत शब्द पाळते, पण वर्षातले दोन काळ टाळावेत. पहिला काळ गुऱ्हाळे सुरू होण्याच्या आधीचा. दुसरा पुराचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांचे पाणी चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी भागात शिरले तेव्हा नदीकाठच्या ज्या मोटारी वर काढायच्या राहिल्या त्या सगळ्या एकाच वेळी उद्यमबागेत आणि निपाणीत येऊन पडल्या. बुडालेली मोटार जळालेलीच असते असे नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन, भट्टीत मंद तापमानावर वाळवून, मेगरचे वाचन सुधारले तर ती न भरताही चालू शकते. घाईने वीज दिली तर मात्र ती तिथेच जाते. पुराच्या दिवसांत प्रत्येक मोटार आधी वाळवून पाहण्याएवढी जागा भट्टीत नसते, आणि तेव्हा अनेक मोटारी सरसकट भरल्या गेल्या, हे कार्यशाळेतले कामगारही मान्य करतात. गिऱ्हाइकाने विचारले तर वाळवून पाहतात. न विचारणाऱ्याला भरण्याचे बिल येते.

बदली मोटार भाड्याने मिळण्याची सोय ही या सेवेतील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, आणि तिची जाहिरात ते करत नाहीत. तीन ते पंचवीस अश्वशक्तीपर्यंतच्या काही भरलेल्या मोटारी तयार असतात. आपली मोटार दुरुस्त होईपर्यंत दिवसाच्या भाड्याने त्यातली एक नेता येते. ज्याच्या खोळंब्याचा आकडा मध्यम आहे, म्हणजे स्वतःची जोडीची मोटार ठेवण्याइतका मोठा नाही आणि चार दिवस गप्प बसण्याइतका लहानही नाही, अशा लघुउद्योजकासाठी हा तिसरा मार्ग खरोखर उपयोगाचा आहे. जोडीच्या मोटारीत अडकणारे भांडवल दहा-बारा जण मिळून वाटून घेतात, असे त्याचे स्वरूप होते. अडचण एवढीच की बदली मोटारींपैकी बऱ्याच जुन्या बांधणीच्या आहेत, त्यांच्या पायांची भोके आणि शाफ्टची उंची आजच्या १३२ किंवा १६० फ्रेमशी (हे आकडे शाफ्टच्या उंचीचे, मिलिमीटरमध्ये) जुळेलच याची खात्री नसते, आणि रात्रीच्या वेळी आधाराच्या पट्ट्या कापून मोटार बसवत बसण्यात वाचवलेला वेळ निघून जातो.

व्यवहार चोख आहे. बिल जीएसटीसह, १८ टक्क्यांचे, न मागता मिळते. नोंदणीकृत उद्योगाला हा कर परत मिळत असल्यामुळे दोन अंदाजांची तुलना करताना तो वगळावा, शेतकऱ्याला मात्र तो खर्चच असतो. कामगार आपापसांत कन्नडमध्ये बोलतात, गिऱ्हाइकाशी ज्याची जी भाषा असेल तीत, आणि अंदाजाचा कागद मराठीत मागितला तर मराठीत मिळतो. भरलेल्या मोटारीची हमी सहा महिन्यांची असते. स्टार्टरमध्ये योग्य रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास मोटार बंद करणारे उपकरण) नसेल तर हमी लागू नाही, ही अट बिलाच्या मागे बारीक अक्षरांत आहे. ती तोंडी सांगितली जात नाही, आणि सांगायला हवी.

नव्याने जाणाऱ्याने मोटारीवरची पाटी पुसट झाली असेल तर तिचा फोटो आधीच काढून ठेवावा, टॉन्ग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) घेतलेले तिन्ही फेजचे प्रवाह आणि व्होल्टेज लिहून न्यावे, आणि तासाच्या खोळंब्याचा आकडा घरून, कच्चा माल वजा करूनच, काढून न्यावा. अण्णा तो वहीत लिहून घेतील आणि त्यावर एकही प्रश्न विचारणार नाहीत.